सुमनच्या दुखण्याचं नाव

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. तिची सून वंदना एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेल्या," आणि पुढे तिला बोलवेना. मी फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलत बसले. हडपसरहून खडकीला जायचं तर साडी बदलायला हवी, रिक्षा बघायला हवी, सगळं कळत होतं, पण हात थांबेनात. थांबले की ते खरं होणार होतं...

आमची ओळख खडकीच्या क्वार्टर्समधली. दोघींचेही नवरे दारूगोळ्याच्या कारखान्यात आणि दोन घरांत मिळून एक भिंत. मी चौथीत शाळा सोडलेली, ती मॅट्रिक. दुपारी पेपर ती मोठ्याने वाचायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "आता पुढचं तू." मी अडखळले तर शब्द सांगायची नाही, नुसती वाट बघायची. आज हे चार शब्द लिहितेय ते त्या वाट बघण्यामुळे. तोंडाने फटकळ होती, पण हसली की सगळे दात दिसायचे, आणि त्या दातांचा तिला अभिमान. तंबाखूच्या मिसरीला तिने कधी बोट लावलं नाही. लावणाऱ्या बायकांना म्हणायची, "चूल सारवता ती पुरे झाली की, तोंड कशाला सारवता?"

पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर तिला परत अंगावर जायला लागलं. उष्णता झाली असेल म्हणून तिने सब्जा खाल्ला, गुलकंद खाल्ला, धन्याचं पाणी प्याली. आमच्या पिढीच्या बायकांना पोटात दुखलं तर सांगता येतं. त्याच्या खाली काही झालं की सगळ्याला एकच नाव, उष्णता. दवाखान्यात गेली तेव्हा कंबर धरूनच गेली. तिथे तपासलं, तुकडा काढून पाठवला आणि मग डॉक्टरीणबाईंनी तिला आणि भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, समोर बसवून सांगितलं, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे. पिशवीच्या तोंडाचा.

बाईंनी नीट समजावलं म्हणे. एक विषाणू असतो, सर्दीपडशाइतकाच सर्रास. नवराबायकोच्या संबंधातून येतो आणि बहुतेकांच्या अंगातून त्यांना न कळता निघूनही जातो. एखादीच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं बसून राहतो आणि असं करून ठेवतो. सुमनने विचारलं, "आला कधी? कुणाकडून?" बाई म्हणाल्या, ते आता कुणालाच सांगता येणार नाही आणि त्यात कुणाची चूकही नाही. मला हे सांगताना सुमन म्हणाली, "इतकी वर्षं पाहुणा घरात, आणि मी त्याला साधा चहासुद्धा विचारला नाही." मी हसले, तीही हसली. भाऊजी मात्र त्या दिवसापासून मान खाली घालून जेवायला लागले. "त्यांना वाटतंय त्यांनीच आणला," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, आणला असेल तर आणला. उन्हातान्हात पायी जाऊन बाजारही तुम्हीच आणलात ना."

आता घोटाळा कसा झाला ते सांगते. तिचा मुलगा मिलिंद, त्याने आपल्या काकांना फोन केला. "पिशवीच्या" म्हणताना लाजेने त्याचा आवाज इतका खाली गेला, की काकांना ऐकू आलं ते फक्त "तोंडाचा कॅन्सर". झालं, नातेवाइकांत तेच पसरलं. बघायला येणारे मऊ खीर घेऊन यायचे. काका म्हणाले, "वहिनी, आता तरी मिसरी सोडा." मिलिंद आणि वंदना गप्प. त्यांना ते सोयीचंच पडलं. माणसं गेल्यावर सुमनने माझ्यापुढे आ वासला. "बघ गं, कुठे आहे. सापडला तर मलाही दाखव." पण तिनेही कुणाला खोडलं नाही. भाऊजींसाठी.

लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जायची तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मुलींच्या लशीचं सांगितलं. सुमनची नात तन्वी नुकती वयात येत होती. सुमनने सुनेपाशी विषय काढला तेव्हा मी तिथेच बसले होते. वंदना शिकलेली, नोकरी करणारी मुलगी, पण म्हणाली, "आई, लोक विचारतात, एवढ्याशा मुलीला ही लस कशाला? मी काय सांगू?"

"सांग, आजीच्या वेळी नव्हती म्हणून."

"आणि आजीला काय झालंय विचारलं तर?"

सुमनकडे उत्तर होतं, पण घरात ठरलेलं उत्तर वेगळं होतं. त्या एका प्रश्नापाशी सगळं अडकून पडलं.

शेवटची भेटले तेव्हा तिचा हात हातात घ्यायचीही भीती वाटत होती, इतकी वाळलेली. म्हणाली, "बायकांना सांगायला हवं होतं गं मी. अंगावर जायला लागलं की सब्जा खात बसतील. आणि तन्वीचं तेवढं बघा." मी म्हटलं, "बरी हो, मग दोघी मिळून सांगू." तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. वाचताना मी अडखळले की बघायची, तसं.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग एकेक जण तिच्याबद्दल बोलायला उठला. काकाही उठले. मनाचा चांगला माणूस, रडत रडत बोलत होते. वहिनी मायाळू होत्या, पण मिसरीने घात केला. पाचवं शील सांगतं की नशेपासून लांब राहा. तेवढं पाळलं असतं तर आज वहिनी आपल्यात असत्या. मागे बसलेल्या, मिसरी लावणाऱ्या चार बायकांनी पदर तोंडाला लावले. माझ्या शेजारी बसलेली वंदना रडायला लागली.

तेवढ्यात भाऊजी उठले. चारचौघांत कधी तोंड न उघडलेला हा माणूस. भावाला म्हणाले, "बस रे तू." मग सगळ्यांना म्हणाले, "पाचव्याच्या आधी चौथं शील आहे. खोटं बोलू नये. ते आमच्या घराने मोडलं. सुमनने मिसरीला कधी हात लावला नाही. तिला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. तो विषाणूने होतो आणि तो विषाणू माझ्याकडूनही आला असेल. मला लाज वाटत होती म्हणून तिने तुमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं. आता ऐकून घ्यायला ती नाही."

आणि खाली बसले.

जेवणाच्या वेळी क्वार्टर्समधल्या एक जुन्या शेजारीणबाई वंदनाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, मलाही जातंय गं अंगावर. कुठल्या त्या डॉक्टरीणबाई?" वंदनाचं रडणं तोवर थांबलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाली, "पत्ता नको काकू, मीच येते तुमच्याबरोबर. मला तन्वीलाही न्यायचंय."

परवा मी खडकीला गेले. तन्वीला सकाळीच इंजेक्शन दिलं होतं, दंड दुखतो म्हणून ती आतल्या खोलीत आडवी पडली होती. भाऊजी स्वयंपाकघरात होते. घरात कुणाचं काही दुखलं की सुमन जुन्या पातळाचा तुकडा घडी करून तव्यावर तापवायची, आणि दुखऱ्या जागी ठेवायच्या आधी आपल्या गालाला लावून बघायची. भाऊजींनीही घडी तव्यावर ठेवली, उलटली, उचलली आणि गालाला लावली. पातळ तिचंच होतं, मोरपंखी. तापलंय की नाही हे कळायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ त्यांनी ते तसंच धरलं. मी दारातच थांबले.

आतून तन्वीची हाक आली, "आजोबा, गार होईल ना ते."

"परत तापवू," ते म्हणाले.