सोहनींचं मानाचं मंडळ

माधव सोहनी सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरात राहायला आले तेव्हा आसपास मराठी घरं मोजकीच होती आणि मंडळ एकही नव्हतं. ही गैरसोय त्यांनी पहिल्याच दिवाळीत दूर केली. पुढे घरं वाढली तशी मंडळंही वाढली. गणपतीचं झालं, नाटकाचं झालं, आणि पहिल्यातून फुटून निघालेल्यांचंही एक झालं. त्याची घटनासुद्धा माधवरावांनीच लिहून दिली. फुटणाऱ्यांनाही शिस्त हवी, असं त्यांचं म्हणणं. पोटापाण्यासाठी ते पॅरामॅटाच्या एका विमा कंपनीत संगणकावर काम करत, पण तो आपला जोडधंदा.

त्यांचा धाकटा भाऊ राघव न्यू जर्सीला. दर रविवारी दोघे स्काइपवर बोलत. म्हणजे राघव बोलायचा आणि माधवराव मनात उत्तर जुळवत बसायचे. २००८ सालच्या अशाच एका रविवारी राघव म्हणाला, "दादा, आपल्या सावनीला शाळेच्या ऑनर सोसायटीत घेतलं. निवडक हुशार मुलंच घेतात. मेणबत्त्या लावून शपथ देतात, बरं का! उर्वीच्या शाळेत असेलच की."

"आहे तर," माधवराव म्हणाले. "उर्वी अध्यक्ष आहे."

स्वयंपाकघरात लीनाला, त्यांच्या बायकोला, जोरात ठसका लागला.

त्याच संध्याकाळी त्यांनी दहावीतल्या लेकीला विचारलं, "काय गं, तुमची ऑनर सोसायटी कधी भरते?"

"व्हॉट्स दॅट?"

त्यांनी समजावून सांगितलं. उर्वी हसत सुटली. "शपथ? कॅन्डल्स? दॅट्स सो अमेरिकन, बाबा! इथे कुणी 'मी हुशार' म्हणून बॅज लावला ना, तर लंचपर्यंत टिकणार नाही."

मग त्यांच्याकडे होतं तरी काय? एक चेस क्लब होता, एक डिबेटिंगचा होता, आणि उर्वी जायची तो ब्रेकफास्ट क्लब. दर बुधवारी शाळा भरण्याआधी हॉलमध्ये टोस्ट भाजायचे आणि येईल त्याला द्यायचे.

"का? त्यांच्या घरी ब्रेड नसतो?"

"वुई डोन्ट आस्क," उर्वी म्हणाली.

चौकशी न करता खायला घालणारी संस्था माधवरावांनी आयुष्यात पाहिली नव्हती. अध्यक्ष नाही, कार्यकारिणी नाही, नुसतं लोणी! राघवला हे सांगायचं कसं? शिवाय त्याला शब्द दिलेला. तेव्हा शाळेत ऑनर सोसायटी नसेल, तर ती काढणं आलं.

मुख्याध्यापिका मिसेस डॉसन म्हणाल्या, "लव्हली आयडिया, माधव! पण मुलं स्वतःहून आली पाहिजेत हं." यातलं पहिलं वाक्य माधवरावांनी नीट ऐकलं. लायब्ररी बुधवारी सकाळीच रिकामी होती, ती त्यांनी धरली.

मग ओळखीच्या घरी फोन सुरू झाले. प्रत्येक घरून एकच प्रश्न आला, "आमच्या सिद्धार्थला पद काय?", "अनुष्काला सेक्रेटरी करणार असाल तर बघू." माधवराव या बाबतीत उदार. एक सचिव, एक खजिनदार आणि बाकी सगळे उपाध्यक्ष, असं त्यांनी ठरवून टाकलं. साधा सभासद औषधालाही नाही, अशी ती जगातली बहुधा पहिलीच संस्था. अध्यक्षपद अर्थात राखीव.

"बाबा, बुधवारी मला ब्रेकफास्ट क्लब आहे," उर्वीने सांगितलं.

"एक दिवस तू टोस्ट भाजला नाहीस म्हणून ऑस्ट्रेलिया उपाशी मरणार नाही."

"आय नेव्हर सेड येस!" असं म्हणून तिने कानात इअरफोन घातले आणि गप्प झाली. मंडळात कुणी गप्प बसलं की ठराव संमत धरतात. माधवरावांनीही धरला.

"अरे माधव, पोरीला विचार तरी," लीना म्हणाली.

"अध्यक्षाला विचारायचं नसतं, लीना. खुर्चीत बसवायचं असतं."

बुधवारी ते ऑफिसला अर्धी रजा टाकून, सूट घालून, मिसेस डॉसनबाईंसाठी शाल आणि नारळ घेऊन लायब्ररीत हजर झाले. उपाध्यक्ष जांभया देत ओळीने बसले होते. अध्यक्षांचा पत्ता नव्हता. मुख्याध्यापिका कुठल्याही क्षणी येणार होत्या. माधवराव तरातरा हॉलकडे निघाले.

हॉलमध्ये रांग पार दारापर्यंत आली होती. आत दोन टोस्टर आणि उर्वी एकटी. तोंड लालबुंद.

"उर्वी, चल लवकर!"

"बाबा, माझे हेल्पर्स कुठायत माहितीये? सिद्धार्थ, अनुष्का, ऑल ऑफ देम? तुझ्या लायब्ररीत! तू माझ्या अख्ख्या क्लबला व्हाइस प्रेसिडेंट करून ठेवलंस!"

हे माधवरावांना खरोखरच ठाऊक नव्हतं. पदं वाटताना त्यांनी आईबापांनाच विचारलं होतं, मुलांना नव्हे.

"बरं, हे नंतर बघू. मिसेस डॉसन येतील."

"नंतर बेल होते, बाबा." ती जागची हलली नाही.

इतक्यात रांगेतल्या, मोठ्या मापाच्या युनिफॉर्ममध्ये बुडालेल्या एका मुलीने चक्क मराठीत विचारलं, "काका, तुम्ही लाइनीत आहात की लोणी लावणार आहात?" तिचं नाव नीला.

माधवरावांनी सुरी उचलली. लोणी मात्र त्यांनी पुणेरी निष्ठेने लावलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, भिंतीला गिलावा करावा तसं.

"काका, सुंदर नको, पटकन हवंय."

"घरी काही खाल्लं नाहीस?" सवयीने त्यांच्या तोंडून गेलंच. उर्वीने डोळे वटारले.

नीलाला त्याचं काही नव्हतं. "आई पहाटेच्या शिफ्टला जाते. बाबा रात्री टॅक्सी चालवतात, आणि दिवसा कॉलेज. ते पण स्टुडंटच आहेत, काका. त्यांना माझ्याहून जास्त होमवर्क असतो."

त्या वर्षांत निम्मा भारत शिकायला सिडनीला लोटला होता, हे माधवरावांना माहीत होतं. त्यांच्या मंडळात त्यावर परिसंवादही झाला होता. या शिकणाऱ्यांची मुलं सकाळी काय खातात, हा विषय तेवढा निघाला नव्हता.

थोड्या वेळाने सिद्धार्थ आत डोकावला. "अंकल, मीटिंग आहे की नाही?" उत्तराची वाट न बघता त्याने एप्रन बांधला. मागोमाग टोस्टच्या वासाने बाकीचे पदाधिकारी आले आणि आपापल्या जागेवर उभे राहिले. रांग भराभर सरकू लागली.

आणि मग मिसेस डॉसन आल्या. "माधव! म्हणजे ही तुमची ऑनर सोसायटी! किती सुरेख!"

माधवराव उभेच राहिले. सगळं जुळून आलं होतं. मानाने गोळा केलेली मुलं होती, अध्यक्ष हातात टोस्ट घेऊन समोर होत्या, प्रशस्ती खुद्द मुख्याध्यापिकांच्या तोंडची होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दुसऱ्यांच्या कामाचे सत्कार त्यांनी आजवर काही कमी स्वीकारले नव्हते. राघवला दिलेला शब्दही खरा झाला असता. उर्वी नुसती बघत राहिली.

"नाही," माधवराव म्हणाले. "हे हिचं आहे. माझं लायब्ररीत होतं. तिथे आता कुणी नाही."

बाईंना तो विनोद वाटला. "गुड ऑन यू, मेट!" म्हणून त्या टोस्ट खात निघून गेल्या.

बेल झाली, हॉल रिकामा झाला. माधवरावांनी घसा खाकरला. "पुढच्या बुधवारी येऊ का गं मी?"

"ये. पण लोणी नको. यू आर टू स्लो. भांडी घास."

"आणि पद?"

"बाबा!"

"बरं, बरं."

रविवारी स्काइप लागल्या लागल्या ते म्हणाले, "राघव, उर्वी अध्यक्ष-बिध्यक्ष काही नाही. ते मी ठोकून दिलं होतं. ती शाळेत टोस्ट भाजते. मी भांडी घासतो."

न्यू जर्सीचा चेहरा स्क्रीनजवळ सरकला. मग राघवचा आवाज आला, एकदम हळू.

"दादा, नोकरी आहे ना रे तुझी? जरा वहिनीला दे बघू."