तेरा सेकंद पुढची मुलगी

घरात तिला सगळे निवांत म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच सुखरूप होतं. पेलाभर दूध संपवायला तिला अर्धा तास लागायचा. केस विंचरता विंचरता कंगवा हातात धरून ती खिडकीबाहेर बघत बसायची, आणि "जेवायला येतेस का?" या प्रश्नाचं उत्तर बाकीच्यांची ताटं उचलली गेल्यावर द्यायची. अशा मुलीने पाच किलोमीटर धावण्यात सगळ्या शाळांमध्ये पहिला नंबर काढावा, हे आईच्या पचनी कधीच पडलं नाही. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची, दिवसाला चारशे. ती म्हणायची, "हिच्याऐवजी दुसरीच कोणीतरी धावते आणि बक्षीस तेवढं हिच्या हातात देऊन जाते."

आईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. धावायला लागलं की निवांतला आपल्या थोडं पुढे एक मुलगी दिसायची. तीच वेणी, तीच गुडघ्यावर फिकी पडलेली पँट. ती मुलगी कधी मागे वळून बघत नसे. निवांत तिला गाठायला धावत नव्हती, ती नजरेआड होऊ नये एवढ्यासाठी धावायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. असलं काही घरात बोललं की आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात, एवढं तिला ठाऊक होतं.

वडील रस्ते खात्यात पट्टे मारायचे. डांबरावरचे पांढरे पट्टे आपण तुडवत जातो, पण ते सरळ कसे येतात याचा विचार आपण करत नाही. वडील मात्र दुसरा विचारच करत नसत. कुठेही चार पावलं चालायला गेलं की ते खाली बघून चुकचुकायचे, "हा कोणी मारलाय?" दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक ते ढकलत जात, मीटरमागे एक टिक होई आणि मुठीजवळच्या डबीत आकडा पुढे सरके. तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाच्या हाताला वाकडं जमत नाही.

लेक बारा वर्षांची असताना तिच्यासाठी त्यांनी कालव्याकाठच्या रस्त्यावर ठिपके काढले होते. दर पाचशे मीटरला एक, रुपयाएवढा, कडेला, कोणाच्या डोळ्यांत न येणारा. असे दहा. कालवा वळणं घेत जायचा आणि रस्ताही त्याच्या मागोमाग. सकाळी पाण्यावरून धुकं उठलं की रस्ता, पाणी आणि आभाळ यांत फारसा फरक उरत नसे. निवांत त्यात शिरायची आणि अठरा मिनिटं चोवीस सेकंदांनी दुसऱ्या टोकाला बाहेर पडायची. मधे काय झालं ते तिला विचारू नये. तिलाही माहीत नसायचं.

शाळा संपली आणि दोन कॉलेजं समोर उभी राहिली.

पहिलं मोठ्या शहरात होतं. तिथल्या मैदानावर लाल रबरी ट्रॅक होता, वसतिगृह होतं, जेवणखाण कॉलेजचं. वडील तिला घेऊन बघायला गेले. तिथल्या खेळाच्या सरांच्या गळ्यात शिट्टी होती, पण ती त्यांनी एकदाही वाजवली नाही. माणूस सरळ होता. "पाच किलोमीटर साडेअठराच्या आत असेल तर वसतिगृहात जागा," ते म्हणाले. "फॉर्मवर वेळ लिहा, आणि अंतर ज्याने मोजलं त्याची सही आणा." वडिलांनी ताठ मानेने सांगितलं, "अंतर मीच मोजलंय." निवांत तोवर बूट काढून त्या लाल ट्रॅकवर अनवाणी उभी होती. खालून मऊ ऊब येत होती. तिने एक फेरी चालत घातली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला तिला वसतिगृहातली आपली खोली दिसली, खिडकीतला टॉवेल दिसला, संध्याकाळी बारा मुलींच्या घोळक्यात हसत परतणारी स्वतःही दिसली. परतीच्या बसमध्ये ती सगळा वेळ तिथेच होती.

दुसरं कॉलेज घरापासून बसने तासाभरावर. मातीचं मैदान, एका कोपऱ्यात पाणी साचायचं, आणि खेळ शिकवायला एकच बाई, ज्या उरलेल्या वेळात इतिहास शिकवत. शाळेच्या शर्यतीत त्यांनी निवांतला पाहिलं होतं. एका सकाळी त्या सायकल घेऊन कालव्यावरच आल्या आणि म्हणाल्या, "धाव तू. मी बाजूने येते, बोलणार नाही." खरंच बोलल्या नाहीत. पाचही किलोमीटर त्या तिच्या कोपराशी कोपर लावून सायकल चालवत राहिल्या.

शेवटच्या ठिपक्यावर वडील घड्याळ घेऊन उभे होते. अठरा चोवीस. बाई उतरल्या, सायकलच्या दांड्यावरच्या छोट्या यंत्राकडे त्यांनी पाहिलं आणि जरा घुटमळल्या.

"साठेक मीटर कमी भरतंय," त्या म्हणाल्या.

"काय कमी भरतंय?" वडिलांनी विचारलं.

"अंतर. हे पाच किलोमीटर नाहीत."

वडील हसले. एखाद्या सोनाराला कोणी तुमचा काटा चुकतो म्हणावं आणि त्याने हसावं, तसं. बाईंनी वाद घातला नाही. सायकल वळवून त्या निघून गेल्या. घरी आल्यावर मात्र वडिलांचं हसू कुठल्या कुठे गेलं. "तिला आपली मुलगी हवी आहे," ते आईला म्हणाले, "म्हणून हा खोडा. सायकलवर बसून कोणी रस्ता मोजतं का?"

आई म्हणाली, "मग तुम्ही मोजा."

"मोजलाय मी. सहा वर्षांपूर्वी."

फॉर्म पाठवायला चार दिवस होते. निवांतने पहिले दोन दिवस तिच्या पद्धतीने काढले, म्हणजे काहीच केलं नाही. सकाळी धावली, दुपारी पडून राहिली आणि छताकडे बघत लाल ट्रॅकवर फेऱ्या मारल्या. पण आता त्या फेऱ्यांत काहीतरी खटकायचं. पुढची मुलगी खोलीचं दार उघडून आत जायची आणि निवांत जिन्यातच राहायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनीच तिला उठवलं. चाक दाराशी उभं होतं. "चल," ते म्हणाले, "तू जशी धावतेस तशी नुसती चालत पुढे हो. मी मागून येतो."

कालव्यावर कोणी नव्हतं. निवांत चालू लागली. रोज ज्या वाटेवरून पाय जायचे त्याच वाटेवरून ते आज सावकाश जाऊ लागले. डावं वळण आलं की डाव्या कडेला, उजवं आलं की रस्ता तिरका कापून उजव्या कडेला. कालवा वळला की तीही वळायची, पण त्याच्यापेक्षा थोडं आतून. मागे टिक, टिक, टिक. धुक्यात तो आवाज कधी जवळून यायचा, कधी लांबून. आपण असंच चालत राहावं आणि रस्ता संपूच नये, असं तिला फार वाटलं. लहानपणी बाबांच्या पुढे पळायची तेव्हा मागून त्यांची पावलं ऐकू आली की तिला बरं वाटायचं, तसंच आजही बरं वाटत होतं.

चौथ्या वळणानंतर टिकटिक थांबली. ती वळून पाहते तो वडील रस्त्याच्या मधोमध, स्वतःच मारलेल्या पट्ट्याकडे बघत उभे होते.

"मी इथून मोजलं होतं," ते म्हणाले. "मधल्या रेषेवरून. आमच्यात रस्ता तसाच मोजतात."

"मग?"

"मग काय. तू मधून कुठे धावतेस? तू तर मांजरीसारखी कडेकडेने जातेस." त्यांनी दांडा पुन्हा हातात घट्ट धरला. "चल पुढे."

दहाव्या ठिपक्यावर डबीत आकडा होता चार हजार नऊशे एक्केचाळीस. वडील बराच वेळ तो वाचत राहिले. मग कठड्यावर बसले. निवांतने मनात हिशेब केला. एरवी हिशेबाला ती कंटाळायची, हा मात्र पटकन झाला. एकोणसाठ मीटर म्हणजे तेरा सेकंद. अठरा सदतीस. साडेअठराच्या सात सेकंद बाहेर.

आणि तेव्हा सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. तो लाल ट्रॅक, ती ऊब, तो टॉवेल, त्या बारा मुली. आपल्याला ते किती हवं होतं हे तिला इतके दिवस नीट कळलंच नव्हतं. ते हातातून निसटताना कळलं. ती कठड्यावर वडिलांच्या शेजारी बसून रडली, अगदी लहान मुलीसारखी नाक ओढत.

वडील म्हणाले, "चोवीस लिहू."

तिने मान वर केली.

"घड्याळ तर खोटं नव्हतं," ते कालव्याकडे बघत बोलले. "रस्ताही पाच किलोमीटरचाच आहे, खात्याच्या नकाशात तसंच आहे. मी सही करतो. तिथे गेलीस की महिन्याभरात तेरा सेकंद कुठल्या कुठे जातील. कोणाला कळणार आहे?"

कोणाला कळणार नव्हतं, हे खरं होतं. बाई काही शहरात जाऊन चुगली करणाऱ्या नव्हत्या. निवांत दिवसभर तो फॉर्म मांडीवर घेऊन बसली. चोवीस लिहिलं तर जाणार कोण, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती पुढची मुलगी जाणार. तिला खोली मिळणार, तिला बूट मिळणार, आणि निवांतने आयुष्यभर तेरा सेकंद मागे राहून तिच्या नावावर जगायचं. इतकी वर्षं तिच्या मागे धावताना निवांतला कधी तिचा राग आला नव्हता. त्या दुपारी पहिल्यांदा आला.

तिने अठरा सदतीस लिहिलं आणि फॉर्म वडिलांपुढे ठेवला. वडिलांनी तो वाचला, पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. अंतर मोजणाऱ्याच्या सहीपाशी त्यांचा हात इतका हळू चालला की आईने भाजी चिरता चिरता सुरी थांबवली. सही मात्र सरळ रेषेत आली.

चार दिवसांनी शहरातल्या सरांचा फोन आला. "सदतीसवर जागा देता येत नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी दोन जागा रिकाम्या होतील. साडेअठराच्या आत आलीस तर ये. वेळ इथे, आमच्या ट्रॅकवर घेऊ." ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावरही ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती.

दुसऱ्या दिवशी वडील आणि ती बसने बाईंच्या कॉलेजात गेले. वडील बाहेर बाकावर बसले, बाईंना तोंड दाखवायला त्यांना जिवावर आलं होतं. निवांत आत गेली. बाई पेपर तपासत होत्या. वाटेत तिने बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरली.

"बाई, मला इथे प्रवेश हवाय," ती म्हणाली. "पण एकाच वर्षासाठी. मला शहरातल्या कॉलेजातच जायचंय, तिथे सात सेकंद कमी पडले. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. पण नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना वाईट वाटलं असावं. मग म्हणाल्या, "थांबायला आलेली मुलगी घेऊन मी तरी काय करणार? सोमवारी सकाळी सहाला ये. सात सेकंद कमी करायला वर्ष फार होत नाही."

ती बाहेर आली. वडील उठून उभे राहिले.

"काय म्हणाल्या?"

"सोमवारपासून यायला सांगितलंय."

"आणि तिकडे जायचंय, ते?"

"तेही सांगितलं."

ते मैदानाच्या कडेने फाटकाकडे चालू लागले. दोनचार मुली फेऱ्या मारत होत्या. वडील त्यांच्या फेऱ्या बघत चालले होते. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "फॉर्मवर तू चोवीसच लिहिशील असं मला वाटलं होतं. मी तुझ्या जागी असतो, तर मी चोवीस लिहिलं असतं."

निवांतने त्यांचा हात धरला आणि बस यायला वेळ होता म्हणून दोघं तसेच हळूहळू चालत राहिले.