पाटावर ठेवलेला फोन

म्हैसुरात शांताक्का नसत्या तर दसऱ्यालाच मला बार्शीची गाडी धरावी लागली असती, हे आधी सांगते. बाकीचं नंतर.

आठवीत शाळा सुटली, मग शिवण शिकले. ओळखीच्या एका बाईंनी हंगामापुरतं म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या एका शिंप्याकडे पाठवलं. घरात मराठी बोलणारी, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच माणसं. श्रीरंगपट्टणच्या पुलावर गाडीतल्या शेजारीणबाई म्हणाल्या, "कावेरी!" मी फोनवरून मान वर करेपर्यंत पूल संपला होता.

दुकानात मास्तर, त्यांची बायको शांताक्का आणि मी. ब्लाउजांना हुक लावायचं काम माझं. सकाळी अक्का सेट दोसे (मऊ, जाडसर डोशांची चवड) वाढायच्या. बाजारातून मोगऱ्याचा वास यायचा. मी एक हुक लावला की फोन बघायची. नवं काही नसायचं. तरी पुढचा हुक लावला की पुन्हा बघायची.

नवमीला आयुधपूजा. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात; इथे आदल्या दिवशी मांडतात आणि दशमीची पूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. मशिनींना कुंकू लागलं, कात्र्या पाटावर गेल्या. अक्कांनी माझ्यापुढे हात केला.

"फोन दे गं."

"फोन कशाला?"

"अय्यो, कात्री तुझ्या हातात तासभर, हे दिवसभर. तुझं आयुध हेच की!"

मास्तरसुद्धा हसले.

दुपारपर्यंत माझा अंगठा मांडीवर आपोआप फिरत होता. सकाळीच फुलबाजाराची रील टाकली होती. किती जणांनी पाहिली असेल? अक्का शेजारी प्रसादाचे चुरमुरे वाटायला गेल्या तशी मी पाटावरचा फोन उचलला. मास्तर दारातच उभे होते.

"पूजेतलं उचललंस? साकु (पुरे). उद्या गाडी धर."

मी रडायलाच लागले. घरी काय तोंड दाखवू? तेवढ्यात अक्का आल्या.

"तापानं फणफणलेल्या पोरीला बाहेर काढाल का हो? हा पण तापच. हंगाम संपेपर्यंत राहू दे, मी आहे ना."

मास्तर आत निघून गेले. मी राहिले, फोनही माझ्याकडेच राहिला.

संध्याकाळी अक्का मला रोषणाई बघायला घेऊन गेल्या. "सुम्ने (उगीच) कुढू नको, चल." वाटेत त्या स्वतःबद्दल सांगत होत्या. लग्नाआधी काहीतरी शिकायचं होतं, कुणीतरी अडवलं. मी हूं हूं करत होते, ओढणीआड फोन. त्या थांबल्या.

"माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या ओढणीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चल, बोंडा खाऊ."

हंगाम संपवून परत आले. आईनं विचारलं, "म्हैसूर कसं आहे गं?" मी फोन पुढे केला. दिवे, हत्ती, हार, सगळं आहे. अक्का कुठेच नाहीत. त्यांना काय शिकायचं होतं, तेही मला सांगता येत नाही. ज्या बाईनं माझ्यासाठी नवऱ्यापुढे शब्द टाकला, तिला मी साधे कान दिले नाहीत. एवढं लिहितानाही दोनदा फोन उघडला.

अक्का, मी येईन एक दिवस. तो प्रश्न मला पुन्हा विचारा. उत्तर देईन.