अक्काचं बी आणि दुकानाची पाटी

जून उजाडला की पप्पांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात पिशव्यांच्या थप्प्या लागतात आणि बाहेरच्या बाकावर किश्शांच्या. पिशवीवर एक्सपायरी डेट असते, किश्शावर नसते. त्यामुळे पिशव्या संपतात आणि किस्से उरतात. मी काउंटरमागे बसून दहावीचा अभ्यास करते, असं सगळ्यांना वाटतं. मी बोलत नाही ना, म्हणून माझ्यासमोर सगळे सगळं बोलतात!

आमचं गाव सोनगीरजवळ. सोयाबीन कधी पेरायचं, याचा इथे एकच नियम होता : नानांनी पेरलं की पेरायचं. नाना म्हणजे गावातले सर्वांत जुने शेतकरी. दुसरीकडे काही वाचायची कुणाला गरजच वाटत नसे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नाना बैलगाडीत पेरणीची तिफण टाकून निघाले. पाऊस झाला होता जेमतेम धूळ बसण्याइतका. पण बाकावर रोज बसणारे सुकलाल भाऊ ओरडले, "नाना निघाले!" सुकलाल भाऊंना प्रत्येक गोष्टीची घाई असते. दुपारपर्यंत सगळं गाव पेरून मोकळं!

संध्याकाळी नाना त्याच गाडीतून परत आले.

"नाना, किती एकर झालं?" भाऊंनी विचारलं.

"कसानं एकर? तिफणना फण तुटेल व्हता. सुतारकडे गयथू!"

आठवड्याभरात सगळ्यांचे कोंब करपले. दुबार पेरणी करावी लागली नाही असा एकच माणूस गावात होता. नाना!

* * *

यंदा आमच्या घरातही पेरणीचा घोर होता. पप्पांची मोठी बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणते, तिचं स्वतःचं तीन एकर शेत आहे. ती घरचंच बी पेरते. मागच्या वर्षी काढणीच्या वेळी तिचं सोयाबीन भिजलं. निवडून निवडून चांगलं निघालं ते तीन एकरांपुरतंच. दुकान भावाचं असलं तरी बी विकत घ्यायचं नाही, हा तिचा हट्ट.

"मनं बी एकदाच पेरानं शे," ती सारखी म्हणायची. पेरणी फसली तर दुसऱ्यांदा पेरायला मूठभरही उरणार नव्हतं.

तर उगवण तपासायला अक्काने शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून आमच्या स्वयंपाकघरात ठेवले. पाचव्या दिवशी मम्मीने त्यात मटकी घालून झकास उसळ केली!

अक्का ताटावरूनच ओरडली, "कुणी खाऊ नका!" मग आम्ही सगळे बोटांनी मटकी बाजूला सारून सोयाबीनचे मोड मोजत बसलो. माझ्या ताटात एकोणीस, मम्मीच्या बावीस, अक्काच्या एकतीस. पप्पांनी ताट मागे सरकवलं.

"तुझ्या ताटात किती?"

"अक्का, माझ्या पोटातले धरायचे का?"

* * *

सुकलाल भाऊंच्या मोबाईलमध्ये हवामानाची तीन ॲप आहेत. एकदा एक म्हणालं मुसळधार, दुसरं म्हणालं ढगाळ, तिसरं म्हणालं कडक ऊन. भाऊ दुकानात आले ते डोक्यावर छत्री आणि छत्रीखाली काळा गॉगल लावून!

"हे काय, भाऊ?" पप्पांनी विचारलं.

"सरासरी काढली!"

* * *

आमच्या विज्ञानाच्या सरांनी मला शाळेतलं जुनं पर्जन्यमापक दिलं. मी ते दुकानाच्या गच्चीवर ठेवलं. रोज सकाळी आठला मोजायचं आणि वहीत लिहायचं. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही, असं सरांनी सांगितलं होतं. एवढ्या माणसांना हे सांगणार कोण? मी तर दुकानात "सुट्टे नाहीत" हेसुद्धा हळूच म्हणते. म्हणून दारात एक पाटी टांगली : "आजवर एकूण ४१. पेरणी ७५ नंतर."

"पोरगी बोलत नाही, पण गावाला वाचायला लावते!" सुकलाल भाऊ म्हणाले. मग अक्काकडे वळले, "काय अक्का, यंदा दिवाळीला पेरणार का?"

"पेरसू. तू तवलगून तीनदा पेरी लेशी!"

दुसऱ्या दिवशी आकाश कोरडं ठणठणीत होतं. तरी मापात बारा मिलिमीटर पाणी! मी निरखून पाहिलं. पाण्यात चहाची पत्ती तरंगत होती. खाली सुकलाल भाऊ रिकामा पेला हातात धरून कधी नव्हे ते आभाळाचं कौतुक करत होते.

मी पाटीवर लिहिलं : "काल पाऊस ०. चहा १२. एकूण ४१."

त्यानंतर आठवडाभर भाऊ घरूनच चहा पिऊन यायचे!

* * *

पाटी हळूहळू एकाहत्तरवर आली आणि तिथेच अडकली. जुलै लागला. आता फार उशीरही चालणार नव्हता. अक्का रोज शेतात जाऊन माती मुठीत दाबायची आणि हात झटकत परत यायची. पप्पा दुकानात काडेपेट्याही ठेवतात; नाना रोज सकाळी एक घ्यायला येऊ लागले. पप्पांनी हिशोब केला, इतक्या काड्यांत नानांचं अख्खं घर वर्षभर चूल पेटवेल. मग माझ्या लक्षात आलं, काडेपेटी घेताना नाना पाटीकडे बघत असतात!

मग एका रात्री पत्र्यावर पावसाचा चांगला ताशा वाजला.

सकाळी आठला मी माप वाचून गच्चीवरून खाली आले आणि जिन्यातच थबकले. दुकानासमोर सगळं गाव! सर्वांत पुढे बैलगाडीत तिफण टाकून नाना. त्यांच्यामागे पेरणीयंत्रं जोडलेले ट्रॅक्टर, हायवेच्या वळणापर्यंत. सगळे माझ्या खडूकडे बघत होते. मी खाली उतरून पाटीजवळ गेले.

मी कालचा आकडा पुसला आणि पहिला अंक लिहिला : ८.

नानांचे बैल हलले. मागे एकदम इंजिनं धडधडली, धूर झाला, सुकलाल भाऊंचा गॉगल पडला. मी दुसरा अंक लिहायला हात उचलेपर्यंत रस्ता रिकामा!

फक्त अक्का उभी होती. बियाण्याचं पोतं पायाशी, हात कमरेवर.

"पुढला आकडा लिख, पोरी," ती म्हणाली. "मनं बी एकदाच पेरानं शे."