मलकापूर ते शिवाजी पेठ, दोरीवर

माझ्या हातून झालेला एक घोटाळा सांगतो, पण एका अटीवर. आमच्या घरी याल तेव्हा सुषमासमोर हा विषय काढायचा नाही. ती माझ्यापेक्षा चांगला सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच येडा दिसतो.

मी राहायला कसबा बावड्यात, हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी शाळेनं मला रस्ता सुरक्षा समितीचा प्रमुख केलं आणि माझ्या अंगात आलं. नियमांचं पुस्तक पाठ केलं. भाजी आणायला गेलो तरी हेल्मेटवर बोलायला लागलो. लोक मला लांबून बघून गल्ली बदलायचे, यात अतिशयोक्ती नाही. अशातच मलकापूरच्या एका शाळेचं बोलावणं आलं. मुलांना रस्ता सुरक्षेवर चार शब्द सांगा म्हणाले. मी काय, तयारच होतो.

माझी जुनी गाडी गॅरेजात होती, म्हणून सुषमाची घेतली. सुषमा म्हणजे आमची मंडळी, दवाखान्यात नर्स आहे. तिचा डावा गुडघा दुखतो, म्हणून तिनं क्लच नसलेली गाडी घेतलेली. गिअर आपले आपण पडतात. त्या दिवशी सकाळी तिनंच गाडी सुरू करून फाटकाबाहेर आणून दिली. मी नुसता आत बसलो आणि थेट मलकापूर गाठलं. वाटेत चहालासुद्धा थांबलो नाही.

व्याख्यान झकास झालं. शाल-नारळ घेऊन गाडीत बसलो, किल्ली फिरवली. गाडी गप्प. समोरचे दिवे लागतात, काटे हलतात, पण इंजिन काही बोलत नाही. दहा-बारा वेळा फिरवून बघितलं. निरोप द्यायला फाटकात उभे राहिलेले शिक्षक हात हलवून हलवून दमले आणि शेवटी एकेक जण खाली बघायला लागला.

बॅटरी गेली, असं मी जाहीर केलं. विज्ञानाचा मास्तर म्हणतोय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

तिथं बाजीराव नावाचे एक गृहस्थ होते, शाळेतल्या एका मुलीचे आजोबा. रिकामा पिकअप घेऊन कोल्हापूरला जनावरांची पेंड आणायला निघालेले. ते म्हणाले, इथं मिस्त्री हाय, दोन मिनिटांत बोलावतो. मी नको म्हणालो. बायकोच्या गाडीला शिवाजी पेठेतल्या अशोक मिस्त्रीशिवाय कुणाचा हात लागलेला तिला चालत नाही.

"मग दोरी बांधून वढत न्हेतो की," बाजीराव म्हणाले. "त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं? अहो, त्या एका वाक्यावर मी दिवसातलं दुसरं व्याख्यान दिलं. दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दोरी लांबून दिसली पाहिजे. मागच्या गाडीत लायसन असलेलाच माणूस पाहिजे. गाडी ओढून चालवलीय हे मागच्यांना कळायला मोठ्या अक्षरांत पाटी पाहिजे. वेग ताशी वीस-बावीस, त्यापुढं काटा जाता कामा नये. बाजीराव शांतपणे तंबाखू मळत ऐकत होते. आम्ही शाळेतनं पट्टी आणून दोरी मोजली. चित्रकलेच्या सरांनी पुठ्ठ्यावर पाटी रंगवून दिली आणि दोरीच्या मधोमध लाल फडकं बांधलं. गाडीच्या पुस्तकातलं ओढून नेण्याचं पान मी तीनदा वाचलं. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, म्हणजे ओढायला हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मी स्वतःला बजावला, की किल्लीला हात लावायचा नाही. किल्ली काढली तर स्टेअरिंगला कुलूप बसतं आणि गाडी वळणावर सरळ जाते. तेव्हा किल्ली चालू ठेवायची आणि विसरून जायची.

सुषमाला फोन केला, म्हटलं बॅटरी गेलीय, पेठेत गॅरेजवर ये. ती म्हणाली, सुरू करताना नीट केलंत ना? मला जरा रागच आला. तीस वर्षं गाडी चालवतोय मी. फोन ठेवला.

चारी इंडिकेटर मिचकवत निघालो. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टेअरिंग वळवताना खांदे उखडतात. पाय ब्रेकवरनं काढायची सोय नाही, कारण पुढचा पिकअप कधी हळू होईल सांगता येत नाही. आमच्या खुणा ठरल्या होत्या. मी एकदा हॉर्न वाजवला की थांबायचं, दोनदा वाजवला की चालायचं. माझीच कल्पना. आता मला सांगा, रत्नागिरी रोडवर हॉर्न काय मी एकटाच वाजवतो? मागनं ट्रक यायचा, एक हॉर्न मारायचा, की बाजीराव थांबलेच. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा. मग एखादा मोटारसायकलवाला दोनदा वाजवायचा, की बाजीराव निघाले, आणि माझी मान मागं. बांबवड्यापर्यंत अशा पंधरा-वीस कवायती झाल्या. शेवटी बाजीराव उतरून आले आणि म्हणाले, गुरुजी, तुमी आता हात हलवा, मी आरशात बघतो.

शहराच्या तोंडाशी एका हवालदारानं थांबवलं. मला तर आनंदच झाला. काच खाली करून मी मलकापुरापासनं आलोय म्हणालो आणि लायसन, कागद, दोरी, फडकं, पाटी सगळं क्रमानं दाखवलं. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. असं नियमानं ओढलेली गाडी पहिल्यांदाच बघितली म्हणाला. मग सहज विचारलं, झालंय काय गाडीला?

"बॅटरी गेलीय."

"मग मलकापुरापासनं ह्या चारी लाइटी कशावर मिचकवत आलासा?"

मी त्याला समजावून सांगितलं, की दिव्यांना वीज थोडी लागते, इंजिन फिरवायला फार लागते. शास्त्र तसं खरं आहे हो. त्यालाही पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं, पण माझी शिकवण्याची हातोटी चांगली आहे.

अडीच तासांनी आम्ही शिवाजी पेठेत अशोक मिस्त्रीच्या दारात. बाजीरावांनी दोरी सोडली. समोरच्या तालमीच्या कट्ट्यावरची माणसं पाटी वाचायला जवळ आली. मी अशोकला बाजूला घेऊन बॅटरीचं सगळं सांगत होतो, तेवढ्यात सुषमा रिक्षातनं उतरली. गाडी निम्म्या रस्त्यात आडवी होती, मागं टेम्पो अडकलेला. ती थेट गाडीत बसली, सुरू केली, आणि नीट मागं घेऊन सावलीत लावली.

मी अशोकला तिथंच सोडून गाडीकडं धावलो.

"अहो, ब्रेक दाबून किल्ली फिरवायची असते," ती उतरत म्हणाली. "ब्रेकवर पाय नसंल तर ही गाडी सुरू होत नाही. तुम्ही ब्रेक दाबलाच नाही का?"

"अडीच तास ब्रेकच दाबून बसलोय," मी म्हणालो.

"मग किल्ली?"

किल्लीला हात लावायचा नाही हा नियम होता, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? पण बाजीरावांनी सांगितलं. अगदी सविस्तर सांगितलं. अशोक खाली बघून पान्ह्याशी खेळत राहिला. सुषमा हसली नाही, हे वाईट लक्षण असतं. तिनं गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि मला स्टेअरिंगवर बसवलं.

"दहा वेळा करायचं. ब्रेक दाबा, सुरू करा, बंद करा. सगळ्यांच्या समोर."

बसलो बापडा. एक. दोन. कट्ट्यावरची माणसं मोठ्यानं मोजायला लागली. टेम्पोवालाही उतरून आला. कुणीतरी चहा मागवला. खोटं कशाला बोलू, पाचव्या-सहाव्या वेळेनंतर मलाच मजा यायला लागली. ऊन उतरलं होतं, गाडी शाबूत होती, माणसं खुशीत होती आणि सुषमाही आता पदर तोंडाला लावून हसत होती. मी चहाचा कप हातात घेतला आणि काचेतनं अशोकला सांगायला लागलो, की बघ, ही सुरक्षेची सोय कंपनीनं किती विचार करून केलेली असते, माणूस बेसावध असला तरी...

बोलता बोलता किल्ली फिरवली. गाडी गप्प.

बाजीरावांनी कट्ट्याकडं हात वर केला आणि म्हणाले, "थांबा रं. परत एकपासनं."