नमुन्यादाखल लावलेला कौल

रविवार, १२ फेब्रुवारी १९८४. पहाटे मतलई वारा, थंडी बेताची. नऊनंतर आकाश स्वच्छ, दुपारी कडक ऊन. पाऊस शून्य.

माझ्या रोजनिशीतली ही नोंद आहे. हिच्याखालच्या चार ओळी मी घरात कुणाला मोठ्यानं वाचू देत नाही. तुम्हाला मात्र सांगतो. चहा उकळतोय तोवर ऐका. लोक तरुणपणी मूर्खपणा करतात आणि मोठेपणी त्याच्या गोष्टी सांगतात. माझं उलटं झालं. तरुणपणी अगदी सरळ वागलो आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तत्त्वज्ञान शिकायला जाऊन आख्खं गाव पेटवून दिलं.

मी रत्नागिरीत पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला. टाकीत पाणी किती, पंप सुरू कधी झाला, बंद कधी झाला, पावसाळ्यात पाऊस किती मिलिमीटर, हे सगळं वेळच्या वेळी दुहेरी लिहायचं. एक प्रत साहेबांना, एक आपल्याला. ही सवय हाडीमाशी खिळलेली. शाळा मॅट्रिकलाच सुटली होती, पुढचं शिक्षण वाचनालयाच्या कपाटातून. तत्त्वज्ञानाची पुस्तकं तळच्या फळीवर असत, कारण ती कोणी नेत नसे. मी नेत असे आणि लवकर परत देत नसे. शेवटी ग्रंथपाल वैतागून म्हणाला, "अहो, एवढं वाचता तर परीक्षा तरी द्या, म्हणजे आमची पुस्तकं तारखेला परत येतील."

तर अशा पायऱ्या चढत मी त्या साली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सकाळी कॉलेज, दुपारी पंप. वर्गात सात जण. सहा जण विशीच्या आतले, सातवा मी. हजेरी घेताना मॅडम माझ्या एकट्याच्या नावाआधी 'श्री.' लावत. त्या पुण्याच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण काय शिकवायच्या! मुलं खिडकीबाहेर बघत आणि मी मॅडमचं खोकणंसुद्धा वहीत उतरवून घेत असे.

विषय होता धर्माचं तत्त्वज्ञान. त्यात वीस गुणांचा एक निबंध. मॅडम म्हणाल्या, "आपल्या भागातली एक धार्मिक प्रथा स्वतः जाऊन बघायची आणि लिहायची. श्रद्धा खरी की खोटी ते सांगू नका. तुम्ही काय पाहिलं ते सांगा, आणि त्याला पुरावा द्या."

माझ्या शेजारी बसणाऱ्या फारूकनं आपल्या मोहल्ल्यातला मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं गाऊन केलेलं पठण, घेतला. मला विचारलं, "काका, तुम्ही काय घेताय?"

"कौल."

मॅडमना कौल माहीत नव्हता. मग मी उभा राहून सांगितलं, की आमच्याकडे गावाचं काही अडलं की देवीला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मॅडम खूश झाल्या. "फारच सुंदर विषय," म्हणाल्या. तिथेच मी हवेत गेलो.

आता रविवारी सकाळी पालीपर्यंत एस.टी., आणि तिथून दोन मैल आत चालत आमचं गाव. वडिलांचं घर तिथे आहे, एरवी कुलूप, गणपतीला आणि शिमग्याला उघडतो. देवळात तात्या गुरव समया पुसत होते. खांबाला टेकून भिकाजीअण्णा सुपारी कातरत बसले होते. भिकाजीअण्णा म्हणजे खालच्या वाडीचे म्होरके. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

"तात्या, एक कौल लावून दाखवा."

"कशाबद्दल?"

"असाच. मला नुसता बघायचाय. कॉलेजसाठी."

"वसंता, देवी काय सर्कशीतली हाय? रिकामा कौल नाय लावीत. परशन सांग."

मी विचारात पडलो. स्वतःबद्दल विचारावं तर मन गुंतणार, निरीक्षण तटस्थ राहणार नाही. म्हणून असा प्रश्न शोधला की ज्याचं उत्तर साऱ्या गावाला पाठ आहे. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. आधी वरची वाडी, मग खालची. का, ते कोणाला ठाऊक नाही, पण पिढ्यान् पिढ्या असंच. पंप चालू करण्याआधी बंद व्हॉल्व्ह बंदच आहे ना हे मी हात लावून बघतो, तसंच हे. डावी पाकळी पडणार, मी लिहून घेणार, दीडच्या गाडीनं परत.

"विचारा," मी म्हटलं, "पालखी आधी खालच्या वाडीत न्यावी काय?"

तात्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "ह्योच विचारू?"

"हाच."

"तू वरच्या वाडीचा ना रे?"

"म्हणून तर. तटस्थ."

भिकाजीअण्णांचा अडकित्ताही थांबला होता. तो आवाज बंद झालेला मला ऐकू यायला हवा होता. पण मी घड्याळाकडे बघत होतो.

सात मिनिटं गेली. मग एक पाकळी हलली, ओघळली आणि पडली. वहीत लिहिलं: दहा वाजून बेचाळीस मिनिटं. उजवी.

इथपर्यंत जे झालं ते देवीनं केलं असं म्हणता येईल. यापुढचं सगळं माझं. मॅडमनी पुरावा मागितला होता ना? मी प्रश्न, वेळ आणि निकाल सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली माझी सही केली, आणि वही भिकाजीअण्णांपुढे धरली. "अण्णा, साक्षीदार म्हणून सही करता?"

अण्णांनी आयुष्यात इतक्या आनंदानं सही केली नसेल. करून झाल्यावर मान खाली घालूनच म्हणाले, "एक परत आमालाबी दे की."

पिशवीत कार्बन कायमचा असतो. मी त्याच मजकुराची पुन्हा दुहेरी नक्कल केली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत त्यांना दिली. आमच्या गावात देवीनं आजवर शेकडो कौल दिले असतील, पण लेखी मिळालेला हा पहिला.

देवळापासून माझ्या चुलत भावाचं, गणपतदादाचं घर दहा मिनिटांवर. दादा वरच्या वाडीचा मानकरी. मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दादा ओट्यावरच उभा.

"जेवलास?"

"नाही अजून."

"मंग बरा. आधी सांग, मंग जेवायचा का नाय ता बघू."

मी सांगितलं. मी विद्यार्थी म्हणून गेलो होतो, हा नमुना होता, अभ्यास होता.

"देवीला काय ठाव तू विद्यार्थी हायस?" दादा म्हणाला. "तिच्या पुढ्यात मानकऱ्यांचा वसंता उभा ऱ्हायला, गावाच्या पालखीचा परशन घातलान. तिनं उत्तर दिलान. आता तुज्या कॉलेजच्या बाईला बोलाव पालखी उचलायला."

मी न जेवता दीडची गाडी पकडली.

तुम्हाला वाटेल, आठ दिवसांत लोक विसरले असतील. शिमग्याच्या तोंडावर? आमचे चाकरमानी मुंबईत असले तरी त्यांचे कान गावात असतात. वरच्या वाडीच्या मंडळींचं पत्र आलं की पालखी आधी खाली जाणार असेल तर आम्ही यंदा येत नाही. खालच्या वाडीचं पत्र आलं की बायकामुलांसह सगळे येतो, आणि पालखी आधी आमच्याकडे न आल्यास खांदा देणार नाही. हिशेब सरळ होता. पालखी कशीही न्या, उचलायला निम्मी माणसं नाहीत. वाड्या अडून बसल्या तर पालखी देवळातच राहणार. असं आमच्या गावात कधी झालेलं नाही. आणि झालं तर कोणामुळे झालं हे कार्बनसकट उपलब्ध होतं.

घरी ही म्हणाली, "लोक शिकून गावाचं नाव काढतात. तुम्ही गावातून नाव काढून घेताय."

एका दुपारी दादा पंपावर आला. पंपाच्या घरघरीत कानाशी वाकून म्हणाला, "रविवारी गावकी बसणार हाय. तू येवढाच सांग, की पाकळी पडली तवा तू वहीत बघत व्हतास. डावी का उजवी, नीट दिसली नाय. बाकी मी बघतो."

म्हणजे खोटं बोल. एक शब्द. त्यानं पालखी उठणार, दोन वाड्या एकत्र येणार, माझं घर गावात राहणार. आणि त्याच आठवड्यात आमच्या वर्गात नीतिशास्त्राचा कुठला धडा चालू होता? चांगल्या हेतूनं खोटं बोलावं का. मी हात वर केला. "मॅडम, समजा एक माणूस आहे. त्याच्या एका खोट्यानं शंभर माणसांचं भलं होणार आहे..."

मुलांनी माना वळवल्या. समजा एक माणूस आहे म्हणजे कोण, ते सहाही जणांना कळलं. फारूक म्हणाला, "काका, तो माणूस खोटं बोलला तर कार्बन कॉपीचं काय?"

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "उत्तर मी देणार नाही. ते तुमचं तुम्हीच शोधायचं." फी भरून ऐकायला मिळालेलं हे उत्तर.

रविवारी देवळासमोर गावकी बसली. एका बाजूला वरची वाडी, एका बाजूला खालची, मधे मी. भिकाजीअण्णांनी माझा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, भिजू नये म्हणून. मी उभा राहिलो. दादाकडे बघायचं टाळलं.

"पाकळी उजवीच पडली," मी म्हटलं. "मी डोळ्यांनी बघितली. पण मला पालखीचं काही विचारायचं नव्हतं. मला वही भरायची होती."

मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे देवीची परीक्षा घेतलीस?"

"नाही हो. परीक्षा माझी होती."

आणि मग जो वाद सुरू झाला, तसा आमच्या वर्गात दोन वर्षांत झाला नव्हता. मनापासून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बंधनकारक असतं का? भिकाजीअण्णा म्हणाले, "दुकानदाराला गमतीनं भाव इचारला, तरी तो सांगतो तो भाव खराच आसतो."

दादा म्हणाला, "भाव इचारला म्हणजे माल घेतला असा व्हत नाय, अण्णा."

"मंग इचारलान कशाला?"

"त्याची अक्कल."

यावर मात्र दोन्ही वाड्यांचं एकमत दिसलं. मी भराभरा लिहून घेत होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझं पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशाला लावलं.

तात्या गुरव इतका वेळ पायरीवर बसून ऐकत होते. ते उठले. "कौल खोटा नाय," म्हणाले. "मी लावला, मीच बघितला. पण त्या दिवशी गाव जमला नव्हता. गावानं नारळ ठेवला नव्हता. परशन वसंताचा, तर कौलबी वसंताचा. बाकीच्यांना त्याचं काय?"

"म्हणजे कसं, तात्या?" मी विचारलं.

"म्हणजे पालखी नेहमीसारखी वरच्या वाडीत फिरंल. तुज्या दारावरनं जाईल, थांबणार नाय. मंग आख्खी खालची वाडी. ती झाली की परत वर चढून तुज्या दारी. तुला देवीनं आधी खालची वाडी सांगितलान ना?"

सगळ्यांनी मनात ते घर मोजून बघितलं. वरच्या वाडीचा मान जागच्या जागी राहत होता. आणि खालच्या वाडीला जन्मात पहिल्यांदा वरच्या वाडीतल्या कोणाच्या तरी आधी पालखी मिळत होती. भिकाजीअण्णांनी पिशवी घडी करून खिशात घातली. "येक घर तर येक घर. कागद हाय."

"आणि एवढा चढ परत चढवणार कोण?" दादानं विचारलं.

"ज्याचा कौल तो," तात्या म्हणाले.

मला विचाराल तर त्या क्षणाइतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. वरच्या वाडीत आमच्या घराचा मान दुसरा होता, दादाच्या लगेच नंतरचा, आणि तो सगळ्यांदेखत काढून घेतला जात होता, आणि मी मान हलवून हो हो म्हणत होतो. पालखी उठणार होती. दादानं त्या दिवशी जेवायला थांबवलं. खोटं बोलला नाहीस ते बरं केलंस, असं काही तो म्हणाला नाही. पण भातावर आमटी दोनदा वाढलीन.

शिमग्याला मुंबईची माणसं दोन्ही वाड्यांत आली. पालखी उठली, ढोल वाजले, आमच्या दारावरून ती पुढे गेली तेव्हा ही रांगोळीशेजारी आरतीचं ताट घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. संध्याकाळच्या आधी खालची वाडी आटोपली. परतीच्या चढाला तीन खांदे खालच्या वाडीनं हसत हसत दिले, चौथा माझा. आठवडाभर ही खोबरेल तेल चोळत होती आणि नीतिशास्त्रावर बोलत होती.

निबंध अठरा पानांचा झाला. मॅडमनी शेवटी लाल शाईनं लिहिलं, 'वर्णन उत्तम. परंतु निरीक्षक नसता तर घटना घडली नसती.' वीसपैकी नऊ. पास व्हायला सात लागत.

पुढच्या शिमग्याच्या आधी मी देवळात जाऊन तात्यांना हळूच विचारलं, "तो कौल एका वर्षापुरताच होता ना?"

"परशनात वरीस घातला व्हतास?"

नव्हतं घातलं. वहीत बघितलं, खरंच नव्हतं.

"मंग नव्यानं कौल लावून इचारूया," तात्या म्हणाले. "आत्ता लावू?"

ही माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, "तात्या, यांना काही विचारायचं नाहीये." आणि मला घेऊन बाहेर आली.

गावात घरं अडतीस. यंदा १९८९, सहावं वर्ष. पालखी आमच्या दारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी आली. नंबर अडतिसावा.