दोन सव्वीसचा डबल

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, अष्टमीतल्या एका घरात ब्रिज खेळताना, माझ्या भिडूने डावीकडची बोली झालीच नाही असं समजून आपली बोली केली. तो सदुसष्ट वर्षांचा होता. त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, पण तो तीन दहाला आलेला नव्हता. त्याआधीच कधीतरी आला होता. किती आधी, हे शोधण्यात माझे पुढचे तीन तास गेले.

आम्ही दर रविवारी पेणहून रोह्याला जात असू. भिडू खाडीकडच्या गावचा. घरची मिठागरं सोडून तो रोह्याच्या एका रासायनिक कंपनीत लागला आणि तिथल्या क्लबात, शिफ्ट संपल्यावर, ब्रिज शिकला. मी वर्तमानपत्रात नोकरी केलेली, म्हणून तो मला पत्रकार म्हणे. मी त्याला दादा म्हणे. बारा वर्षं आम्ही एकमेकांसमोर बसत होतो. खेळ चाले तो कुंडलिकेचा पूल ओलांडून पलीकडे अष्टमीत, आखातात वीस वर्षं काढून परतलेल्या एका व्यापाऱ्याच्या घरी. त्यांना सगळे भाई म्हणत. चौथ्या होत्या रोह्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई.

भाईंनी आखातातून येताना बोलीच्या कार्डांचे डबे आणले होते. त्यामुळे आमच्याकडे बोली तोंडाने होत नसे. प्रत्येकाने आपल्या बोलीचं कार्ड आपल्यासमोर टेबलावर ठेवायचं आणि बाकीच्यांनी ते वाचायचं. भिडूच्या डावीकडे भाई बसत, उजवीकडे बाई.

ब्रिजमध्ये भिडूला आपली पानं दाखवता येत नाहीत, बोलीतून सुचवावी लागतात. पहिली बोली करणारा आपली पानं बरी आहेत असं सांगतो. त्यानंतर विरोधक मध्ये बोलला, की पहिल्याच्या पुढच्या बोलीचा अर्थ बदलतो. विरोधक गप्प राहिला असता तर तीच बोली वेगळं काही सांगते. हा फरक ओळखणं हे समोरच्याचं काम. आमच्या टेबलावर ते माझं होतं.

पावणेतीनच्या सुमाराला एक डाव झाला. भिडूने एक बदाम म्हटलं. भाईंनी एक इस्पिक टाकलं. मी दोन बदाम बोललो, म्हणजे बदाम मलाही आहेत, बाकी फारसं काही नाही. बाई पास. मग भिडूने दोन इस्पिकचं कार्ड ठेवलं.

इस्पिक हा भाईंचा रंग होता. विरोधकाचाच रंग भिडू बोलला, तर तो रंग आपल्याकडे आहे असं त्याला सांगायचं नसतं. माझी पानं जोरदार आहेत, पुढे चल, असं सांगायचं असतं. बारा वर्षं आमच्यात हेच ठरलेलं होतं. मी चार बदाम बोललो. दहा हात करायचे होते, सात झाले.

"दादा, एवढ्याशा पानांवर?" मी विचारलं.

"तुला इस्पिक सांगितली मी. चार होती माझ्याकडं. तू कशाला उड्या मारतोस?"

"इस्पिक मी बोललो होतो, दादा," भाई म्हणाले.

"व्हय? मला नाय दिसलं."

"चष्मा बदला आता," बाई म्हणाल्या. "वर्गात असं उत्तर आलं असतं तर मी शून्य दिलं असतं."

"शून्य चालंल गो बाई, पण चहा सांग कुणाला तरी."

आम्ही हसलो. मी पत्ते पिसले.

तीन दहाला भिडूने एक चौकट म्हटलं. भाईंनी पुन्हा एक इस्पिक. मी त्यांच्या बोलीवर डबल दिला, म्हणजे एरवी आव्हान. या जागी डबल म्हणजे, माझ्याकडे बदाम आहेत, पण इस्पिक मध्ये आल्यामुळे ते बोलता आले नाहीत. बाई पास. भिडू माझ्या कार्डाकडे बघत राहिला.

"पत्रकार, डबल कुणाला? माझ्यावरच?"

बाई हसल्या. भिडूने एक बदामचं कार्ड ठेवलं. इस्पिक बदामाच्या वर असतं. एक इस्पिकनंतर एक बदाम बोलता येत नाही, हे शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात कळतं.

"दादा, माझं कार्ड बघा की," भाई म्हणाले.

"कुठं हाय?"

कार्ड त्याच्या डाव्या मनगटापासून वीतभर अंतरावर होतं. मी हात लांब करून ते उचललं आणि त्याच्या उजवीकडे, बाईंच्या कार्डाशेजारी ठेवलं.

"आता टाकलंत होय," तो भाईंना म्हणाला.

या वेळी कोणी हसलं नाही. त्याच्या डाव्या हातातली पानं खाली कलली होती आणि त्यातली तीन आम्हा सगळ्यांना दिसत होती. त्याला ते माहीत नव्हतं. 

भाईंनी रोह्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. डॉक्टर म्हणाले, कुठे थांबू नका, पनवेलला न्या, मी तिथे कळवतो. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर ते बहुधा देत नाहीत, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. "आणि तास मोजायचे ते तुमच्या लक्षात आलं तेव्हापासून नाही. ते पूर्ण ठीक होते असं तुम्ही खात्रीने सांगू शकता, त्या शेवटच्या वेळेपासून. ती वेळ आठवून ठेवा."

भिडू उठायला तयार नव्हता. "मला काय झालंय? खेळा. नायतर गाडी काढतो, घरी जाऊ." सकाळी गाडी त्यानेच चालवली होती आणि चावी त्याच्या खिशात होती.

"चावी द्या, दादा."

"तुम्हाला माझ्या गाडीचा क्लच नाय जमायचा, भाई."

"उंट जमला, क्लच नाही जमायचा?"

त्याने उजव्या हाताने चावी दिली. उठताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. तो थांबला नाही, खांद्याकडे त्याने पाहिलंही नाही.

आम्ही तीन पंचवीसला निघालो. गाडी भाईंनी घेतली, बाई पुढे बसल्या. मी मागे भिडूच्या डावीकडे बसलो होतो. नागोठण्याच्या अलीकडे त्याने विचारलं, "पत्रकार मागं राह्यला काय?" माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकलेला होता.

मी वेळ शोधू लागलो. पावणेतीनची दोन इस्पिकची बोली मी जोराची समजलो होतो. ती तशी नव्हती. भाईंचं कार्ड त्याला तेव्हाच दिसलेलं नव्हतं आणि चार इस्पिक त्याच्याकडे होतीच, म्हणून त्याने ती बोली केली होती. ते कार्ड डावीकडचं होतं, हे माझ्या लक्षात यायला पंचवीस मिनिटं लागली. म्हणजे झटका पावणेतीनच्या आधीचा. त्याचं बोलणं शेवटपर्यंत नीट होतं, त्यामुळे बोलण्यावरून काही ठरत नव्हतं. मला खात्रीने आठवत होतं ते इतकंच, की बारा वाजता पूल ओलांडल्यावर त्याने गाडी डावीकडच्या गल्लीत नीट वळवली होती. बारापासून साडेचार तास म्हणजे साडेचार. वडखळला आलो तेव्हा चार पस्तीस झाले होते.

पेण सोडल्यावर, जोहे गावाकडून गणपती घेऊन येणारे टेम्पो हमरापूरजवळ हायवेला लागत होते. प्लॅस्टिकने झाकलेल्या मूर्ती, रांग हलेना. भाई इंजिन बंद करत आणि लगेच सुरू करत. भिडू झोपू लागला. बाई मागे वळून त्याच्याशी बोलत राहिल्या.

त्या रांगेत मला पावणेतीनच्या आधीचा एक डाव आठवला. त्यातही भिडूने एक चौकट म्हटलं होतं आणि भाईंनी एक इस्पिक. मी पास, बाई पास, आणि भिडूने डबल दिला होता. ही बोली आपल्या भिडूच्या बोलीवर देता येत नाही, विरोधकाच्याच बोलीवर देता येते. त्या डावात विरोधकाची एकच बोली होती आणि ती डावीकडे होती.

"बाई, त्या डबलचा फोटो काढलात ना तुम्ही?"

बोली रंगली की बाई, कार्डं उचलण्याआधीच, टेबलाचा फोटो काढत. त्यांनी फोन मागे दिला. फोटोत चारी बाजूंची कार्डं होती. भिडूचा डबल स्पष्ट दिसत होता. वेळ दोन सव्वीस. मला ते खरं हवं होतं, म्हणून मी तो फोटो तीन वेळा तपासला.

दोन सव्वीसपासून साडेचार तास म्हणजे सहा छप्पन्न.

आम्ही पाच वाजून बावन्न मिनिटांनी पोचलो. त्याची मुलगी पनवेललाच राहत होती, ती दारात उभी होती. भिडूला स्कॅनसाठी आत नेलं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी फोटो पाहिला.

"यातून मी काय समजायचं?"

"हे डबलचं कार्ड त्यांचं. डावीकडचं कार्ड दिसल्याशिवाय ते ठेवताच येत नाही."

"चुकून?"

"बारा वर्षांत एकदाही नाही."

"मला तुमचा खेळ येत नाही. दोन सव्वीसला त्यांनी डावीकडचं पाहिलं, एवढं सांगा. नक्की?"

पावणेतीनला मी चुकलो होतो. चूक असेल तर इंजेक्शनने काय होतं, तेही मला सांगितलेलं होतं.

"नक्की," मी म्हणालो.

त्यांनी वेळ लिहून घेतली. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मुलीने सही केली. इंजेक्शन सहा एकेचाळीसला सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याने डावा हात कोपरापर्यंत उचलला. नर्सने त्याच्या डावीकडे उभं राहून बोटं धरली आणि किती आहेत ते विचारलं. तो तीन म्हणाला. चार होती.